आगपेटीतले इंद्रधनुष्य

हलत्या चित्रांविषयी दिवाळी अंकात लिहायचे म्हटले की जाणती माणसे हसतात. ‘ते पोरांचे!’ म्हणतात. खोटे कशाला सांगू, परवापरवापर्यंत मीही त्यांच्याच पंक्तीला बसत होतो. वर्गातल्या मुलांना दाखवण्यासाठी मोबाईलवर विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ शोधत होतो. १९७४ सालचा तो चिमण्यांचा छोटा बोधपट आमच्या पिढीने दूरदर्शनवर किती वेळा पाहिला, त्याचा हिशोब नाही. तो तर सापडलाच. पण त्याच्या शेजारी गीतांजली राव यांचा ‘प्रिंटेड रेनबो’ दिसला, आणि ढोकीतल्या माझ्या माळवदाच्या खोलीत मी तो एका रात्रीत तीनदा पाहिला.

२००६ सालचा हा चित्रपट अवघ्या पंधरा मिनिटांचा. कानच्या महोत्सवातील समीक्षक सप्ताहात तो गौरवला गेला. गोष्ट म्हणाल तर एवढीशी. शहरात एकटी राहणारी एक म्हातारी, तिचे मांजर, आणि तिने जमवलेल्या आगपेट्या. तिचे रोजचे जग करडे आहे. आगपेटीवरच्या चित्रात ती शिरली की रंग येतात. संवाद नाही. चित्रे बाईंनी स्वतः हाताने रंगवलेली आहेत.

हाताने म्हणजे काय, ते आम्हा मास्तरांना हिशोब मांडल्याशिवाय कळत नाही. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रे सरकतात. एक चित्र दोनदा वापरले तरी सेकंदाला १२ लागतात. पंधरा मिनिटांचे १०,८०० झाले! बाईंनी नेमकी किती काढली ते मोजत बसण्याचे कारण नाही. एवढे कष्ट उपसणारा माणूस उगाच काही हलवीत नाही, हे मात्र त्या आकड्यावरून समजते.

आणि इथेच माझा मुद्दा आहे. हल्ली लग्नाची पत्रिकासुद्धा मोबाईलवर हलत येते. अक्षरे गिरक्या घेतात, गणपती फिरतो, फुले झडतात, नवरा-नवरीची नावे कोपऱ्यातून उडी मारून मध्ये बसतात. कारागिरी वाईट नसते. पण क्षणभर कशालाच विसावा नाही, आणि संपल्यावर लग्नाची तारीखही लक्षात राहत नाही. राव यांची म्हातारी बराच वेळ नुसती असते. ती थांबते तेव्हा तिच्या मनात काहीतरी चालले आहे, असे आपल्याला वाटू लागते. रेघेला जीव येतो तो अशा थांबण्यातून.

ही रीत आपल्याकडे नवी नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचे एकेक चित्र दिवसामागून दिवस टिपले आणि ती सारी वाढ घटकाभरात पडद्यावर दाखवली. ती पाहूनच त्यांना भांडवल मिळाले, असा इतिहास आहे. पुढे त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ही केली. फाळके जे. जे.त शिकले, राव यांचेही कलाशिक्षण जे. जे.तच झाले. एकाने काड्या नाचवल्या, दुसरीने पेटी उघडली! योगायोगच म्हणायचा, पण मला तो गोड वाटतो.

दोष नाहीत असे नाही. आगपेटीतली रंगीत जगे कधीकधी फारच देखणी होतात, आणि देखणेपणाचा मोह झाला की म्हातारी जरा दूर जाते. मला तिची करडी खोलीच अधिक आवडली. २०१९च्या ‘बॉम्बे रोझ’ या त्यांच्या लांब चित्रपटात हा मोह वाढला आहे. फुले विकणारी कमला, काश्मीरचा सलीम, इंग्रजी शिकवणाऱ्या डिसोझाबाई असे अनेक धागे आहेत, आणि सगळे सारख्या ताकदीने विणलेले नाहीत. पण त्यातच डिसोझाबाई रस्त्याने चालू लागतात, भोवतालचे रंग ओसरतात आणि जुनी मुंबई उभी राहते. ‘रेनबो’त स्वप्न रंगीत होते, इथे आठवण बिनरंगाची. त्या एका प्रसंगासाठी मी बाकीचे सारे माफ केले.

तिसऱ्या वेळी आई शेजारी येऊन बसली. शेवटपर्यंत पाहिले, मग विचारले, ‘‘मांजर बोलत नाही का रे यात?’’

‘‘नाही.’’

‘‘बरं केलं बाईनं,’’ ती म्हणाली, आणि परत लावायला सांगितले.