प्रथिन सी आणि त्वचापेशी : एका संशोधनक्रमाचे परीक्षण

प्रथिन सी हे रक्त गोठण्याच्या क्रियेला आवर घालणारे नैसर्गिक प्रथिन होय. ते यकृतात तयार होते व रक्तात कार्य करते, एवढीच त्याची ओळख १९७६ मधील स्टेनफ्लो यांच्या शोधानंतर दीर्घकाळ राहिली. सिडनी येथील शुए, जॅक्सन व सहकाऱ्यांच्या निबंधांनी ती अपुरी ठरविली. सक्रिय प्रथिन सी दिल्यास बाह्यत्वचेच्या केराटिनोसाइट पेशींची वाढ व स्थलांतर वाढते आणि पेशीमृत्यू घटतो, असे त्यांनी २००४ मध्ये दाखविले.

या मालिकेतील सर्वांत वजनदार निबंध २००७ चा. केराटिनोसाइट स्वतःच हे प्रथिन तयार करतात आणि त्याची निर्मिती रोखल्यास त्यांची वाढ मंदावते, हे त्यात सिद्ध होते. बाहेरून दिलेल्या द्रव्याचा परिणाम दाखविणे तुलनेने सोपे. पेशीला त्याची मुळातच गरज आहे हे दाखविणे अवघड. पुढे २०१२ च्या सुमारास स्क्रिप्स संस्थेतील कार्याने आणखी एक उलगडा केला. थ्रॉम्बिन व सक्रिय प्रथिन सी ही दोन्ही पेशीवरील पार-१ हा एकच ग्राही छेदतात, परंतु वेगवेगळ्या ठिकाणी. म्हणून पेशीला मिळणारा संदेशही निराळा असतो.

मात्र एक युक्तिवाद टिकत नाही. वॉरफरिनच्या सुरुवातीच्या दिवसांत प्रथिन सी झपाट्याने घटून क्वचित त्वचा मृत होते. याला त्वचापेशींवरील थेट परिणामाचा पुरावा मानणे चुकीचे आहे, कारण तेथे सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील गुठळ्या हेच पुरेसे कारण असते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. प्रयोगांतील पेशी बहुधा नवजात बालकांच्या त्वचेतील, म्हणजे जोमदार. सिंदी (रेल्वे) परिसरातील मधुमेही शेतमजुराच्या पायाची, चिखलात पुन्हापुन्हा भिजणारी जखम त्या काचपात्रात नसते. मधुमेही रुग्णांच्या पायांवरील जुनाट व्रणांवर झालेली चाचणी आशादायक असली, तरी ती प्राथमिक व लहान होती. जंतुदोषजन्य गंभीर आजारावर, म्हणजे सेप्सिसवर, शिरेतून दिले जाणारे याच प्रथिनाचे औषध तर २०११ मध्ये, मोठ्या चाचणीत मृत्युदर न घटल्याने, बाजारातून मागे घेण्यात आले. जखमेवरील स्थानिक वापराचा प्रश्न त्याहून वेगळा आहे खरा. परंतु त्याचे उत्तर सेवाग्रामच्या रुग्णालयात येणाऱ्यांसारख्या रुग्णांच्या जखमांवरच शोधावे लागेल.