लुईस-क्लार्क यांच्या रोजनिशा : एक वाङ्मयीन विचार

प्रवासवर्णन आणि रोजनिशी यांना आपण बहुधा एकाच पंक्तीस बसवितो. परंतु प्रवासवर्णनकारास शेवट ठाऊक असतो. रोजनिशीकारास उद्याचा दिवसही ठाऊक नसतो. हा भेद किती मूलगामी आहे, हे मेरिवेदर लुईस व विल्यम क्लार्क यांच्या रोजनिशांवरून उत्तम प्रकारे कळते.

मिसूरी नदीच्या मार्गाने पॅसिफिक महासागरापर्यंत व्यापारास सोयीचा जलमार्ग शोधावा, अशी आज्ञा राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी लुईस यास २० जून १८०३ रोजी दिली. मे १८०४ मध्ये निघालेली ही तुकडी २३ सप्टेंबर १८०६ रोजी सेंट लुईसला परतली. या लेखनाचा मूळ हेतू अर्थातच वाङ्मयीन नव्हता. तरीही त्यास वाङ्मयगुण कोठून आला?

मिसूरीच्या महाप्रपातापाशी, १३ जून १८०५ रोजी, लुईस हेतुपुरस्सर साहित्यिक होऊ पाहतो. जेम्स थॉमसन या कवीची लेखणी आपणापाशी नाही, याची तो खंत करतो. आणि नेमके तेथेच त्याचे गद्य आयासाने भारावते. उलट १२ ऑगस्टला लेम्ही खिंडीच्या माथ्यावरून त्यास पश्चिमेकडे हिमाच्छादित पर्वतांच्या रांगाच रांगा दिसतात. सुलभ जलमार्गाची आशा येथे मावळते. लुईस मात्र ते दृश्य तेवढे नोंदवितो आणि पुढे चालू लागतो. आशाभंगाचा उच्चार नाही, म्हणूनच तो वाचकाच्या मनात घुमतो.

७ नोव्हेंबर १८०५ ची क्लार्कची नोंद याहून बोलकी आहे. महासागर दिसला म्हणून तो हर्षभरित होतो. वस्तुतः ते कोलंबिया नदीचे विस्तीर्ण मुख होते. प्रवासवर्णनात हा भ्रम दुरुस्त झाला असता. रोजनिशीत तो त्या दिवसाचे सत्य म्हणून उरला. क्लार्कने अनेक नोंदी लुईसवरून उतरविल्या हे खरे. पण त्याने या गुणास बाध येत नाही.

निकोलस बिडल याने १८१४ साली या सामग्रीचे एकसंध, सफाईदार कथन सिद्ध केले. त्यात दोन भिन्न प्रकृतींचे आवाज एका 'आम्ही'त विरून गेले. मूळ रोजनिशा थ्वेट्स यांच्या संपादनातून १९०४-०५ मध्ये प्रकाशात आल्या. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' १९०७ मध्ये वैद्यांच्या संस्कारांसह निघाला आणि १९६६ मध्ये पोतदारांनी त्याची मूळ संहिता दिली, हे मराठी वाचकास येथे आठवेल. संपादकाची सफाई आणि लेखकाचा श्वास यांचे वैर जुने आहे.

मात्र या ग्रंथाचा गौरव करताना एक विवेक बाळगला पाहिजे. 'अज्ञात प्रदेश' हा शब्द कोणाच्या दृष्टीने खरा? ७ जानेवारी १८०५ रोजी मंडन प्रमुख शेहेके याने क्लार्कला पर्वतापर्यंतच्या प्रदेशाचे रेखाटन करून दिले. शोशोनी स्त्री सकागाविया हिला वाटेतील खुणा ओळखीच्या होत्या. क्लार्कच्या नकाशात हे ज्ञान मुरले. त्या माणसांचा स्वर मात्र दुसऱ्याच्याच लेखणीतून आला. क्लार्कचा गुलाम यॉर्क सारा प्रवास चालला, पण त्याची स्वतःची एकही ओळ आपणापाशी नाही. या रोजनिशांतील मौनही जो वाचील, त्यालाच त्यांचा पूर्ण अर्थ लागेल.