कामगार आहे, खातं कुठाय?

मागच्या बैठकीत एक मित्र म्हणाला, "गिरणीवर आता काय लिहायचं? सुर्व्यांनी लिहिलं, आपल्यातल्यांनीही लिहिलं. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. विषय संपला." मी तेव्हा गप्प राहिलो, चारचौघांत मला नीट बोलता येत नाही. म्हणून आता लिहितो.

विषय संपलेला नाही, नीट सुरूच झालेला नाही. आपल्या कवितेतल्या कामगाराला हात आहेत, घाम आहे, भूक आहे, मूठ तर आहेच आहे. पण त्याला खातं नाही. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे, म्हणून सांगतो. गेटातून नुसता 'कामगार' कधीच आत जात नाही. कुणी ब्लोरूमवाला असतो, कुणी कार्डिंगवाला, कुणी रिंगवाला, कुणी झाडूवाला. पगार खात्याप्रमाणं, छातीत जाणारी कापसाची तूसही खात्याप्रमाणं. आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गिरणगावात खातं हे जातीप्रमाणं आणि बाई-बाप्याप्रमाणं मिळायचं.

साचेखात्याचं बघा. साचा म्हणजे माग. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातनं तोंडानं ओढून बाहेर काढायचं. धोट्याला तोंड लागायचं. त्याच धोट्याला उद्या दुसऱ्याचं तोंड लागणार. म्हणून महाराला साच्यावर घ्यायचं नाही! आपली माणसं रिंगमध्ये. साच्याला पैसा जास्त, रिंगला कमी. आता गंमत बघा. त्या कांडीवरचं सूत आलं कुठनं? रिंगखात्यातनं, आपल्याच माणसांच्या बोटांतनं. ते सूत तोंडात घेताना कुणाचा धर्म बुडला नाही. सूत चालत होतं, माणूस चालत नव्हता.

1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर लावून धरला. कामगारांची एकजूट म्हणता, तर साचेखातं आम्हांला का बंद? लाल बावट्याला हा सवाल फार जड गेला. 1938 च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या आपल्या कामगारांपुढं त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले, त्यामागं हे खातं उभं आहे. भाषणात आपण दोन शत्रू घोकतो, धोटा मात्र विसरतो.

नारायण सुर्वे मला मोठे वाटतात. त्यांना सांभाळणारे आईबाप दोघंही गिरणीत कामाला. 'माझे विद्यापीठ' (1966) वाचूनच मी पहिल्यांदा वही घेतली. पण त्या पुस्तकात मला साचेखात्याचा बंद दरवाजा सापडत नाही. वर्ग सापडतो. ज्याला दरवाजा कधी बंद झाला नाही त्याला तो दिसत नाही, यात त्यांचा अपमान नाही. बागुलांना दिसला. 'जेव्हा मी जात चोरली होती' (1963) मधला नायक रेल्वेतला कामगारच आहे, आणि बरोबरचे कामगारच त्याची जात शोधतात.

आता दया पवारांचं 'बलुतं' (1978). त्यातला कावाखाना मी पुन्हा पुन्हा वाचतो. नागपाड्याची ती वस्ती. बाप गोदीत, दुसरे कुणी हमाल, कुणी गिरणीत. आणि बाया? रस्त्यावरच्या चिंध्या, कागद, काचा, लोखंड गोळा करायच्या, निवडायच्या, विकायच्या. वेश्यावस्तीतल्या बायांची लुगडी धुवायच्या. कोणत्या खानेसुमारीच्या तक्त्यात हा धंदा लिहिलाय? 'स्त्री, घरकाम' एवढंच लिहून कारकून पुढं गेला असेल. पवारांनी लिहून ठेवलं, हे काम एकट्या त्या पानांनीही मोठं होतं.

तरी माझी तक्रार आहे. बायांचं काम तिथं येतं आणि सरतं. पुढं पुस्तकात बाई येते ती आई म्हणून, बायको म्हणून, अंगाची ओढ म्हणून, मार खाणारी म्हणून. काच निवडताना बोट कापलं की ती काय करायची, किती वजनाला किती पैसे, तोलणारा मापात मारायचा का, हे मला वाचायचं होतं. एवढा उघडा लिहिणारा माणूस तिथं घाईनं निघून जातो. बाईच्या कामाकडं आपण पुरुष कामाच्या नजरेनं बघतच नाही, त्यागाच्या नजरेनं बघतो.

गिरणीतही तेच. बाया रीळ आणि वाइंडिंग खात्यात, वर नायकीण, पगार बहुधा नगावर. 1920 च्या सुमाराला मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचात एक बाई होती. पुढं हा आकडा उतरत गेला. 1929 ला बाळंतपणाचा कायदा झाला. त्या बिलाच्या बाजूनं बाबासाहेब कौन्सिलात बोलले होते. रात्रपाळीला बायांना मनाई होती. कायदे हवेच होते. पण तीन पाळ्या आणि वेगाची यंत्रं आली, तेव्हा मालकानं हिशेब केला आणि बाईलाच कमी केलं. युनियननं यासाठी किती गेट बंद पाडले, विचारा कुणा जुन्या माणसाला.

दुसऱ्यांना नावं ठेवली, आता माझी पाळी. पणजीवर मी कविता लिहिली होती. ती पन्नासच्या सुमाराला रीळखात्यात होती. कवितेत मी चिमणी घातली, धूर घातला, चूल घातली, फाटका पदर घातला. मित्रांनी टाळ्या दिल्या. घरी आजीला वाचून दाखवली. आजी म्हणाली, "माझी आई लई रडती रं तुझ्या कवितेत. ती न्हवती रडत. तिची बोटं लई चालायची. लडी करताना तार तुटली की अशी गाठ मारायची, दिसायची न्हाय. नायकीण दुसऱ्या बायांना तिचं काम दावायची." आणि चुलीचं म्हणाली, "चूल मीच पेटवायची. ती पाळीवर असायची."

एवढ्या ओळींत ती गाठ एकदाही नव्हती. म्हणजे पणजीला कारकुनाच्या तक्त्यात ढकललं ते मीच, 'स्त्री, घरकाम' म्हणून.

ती कविता फाडली. नवी लिहितोय, पण गाठीपाशी अडलोय. आम्ही रिंगवर तार सांधतो ती पीळ देऊन, त्यात गाठ नसते. रिळावरची गाठ कशी मारायची ते आजीनं बोटांनी दाखवलं होतं, मी तेव्हा वहीत बघत होतो. आजी आता गावाला गेलीय, पाडव्यानंतर येईल.