द्राक्षातलं टार्टारिक ॲसिड आणि जरा जास्तच मोठं शीर्षक

या वेळी एक जुना पेपर घेऊ, पण आमच्या विषयात अजूनही सगळे ज्याचा दाखला देतात असा. 2006, पीएनएएस, लेखक डीबोल्ट, कुक आणि फोर्ड. शीर्षकाचा अर्थ साधारण असा: ‘उच्च वनस्पतींमध्ये क जीवनसत्त्वापासून एल-टार्टारिक ॲसिडची निर्मिती’. पेपर मला आवडतो. भांडण आहे ते शीर्षकाशी.

आधी थोडी पार्श्वभूमी. द्राक्ष हिरवं, कडक असतानाच त्यात टार्टारिक ॲसिड तयार होतं. पिकताना मॅलिक ॲसिड श्वसनात खर्च होत जातं, टार्टारिक मात्र टिकतं. म्हणून वाइन करणाऱ्यांचा सगळा जीव त्यात. उष्ण प्रदेशात तर ते वरून घालावं लागतं. ते कशापासून बनतं हे 1969 मध्ये साइतो आणि कासाई या जपानी संशोधकांनी दाखवलं. क जीवनसत्त्वाच्या पहिल्या कार्बनवर किरणोत्सारी खूण केली, ते द्राक्षांना दिलं, आणि खूण टार्टारिकमध्ये सापडली.

आता हिशोब बघा. क जीवनसत्त्वात सहा कार्बन, टार्टारिकमध्ये चार. म्हणजे दोन कुठेतरी तुटून पडतात. द्राक्षात ही तोड चौथ्या आणि पाचव्या कार्बनच्या मधे पडते, तीही लगेच नाही. आधी रेणू काही रूपं बदलतो, त्यातलं एक आयडोनिक ॲसिड. या आयडोनिकचं ऑक्सिडीकरण करणारं एन्झाइम नेमकं कोणतं, हे 2006 च्या पेपरनं शोधून काढलं.

शोधायची रीत झकास आहे. टार्टारिक जेव्हा आणि जिथे बनतं, तेव्हा आणि तिथे कोणते जीन चालू असतात ते पाहिलं, त्यातून उमेदवार निवडले, आणि एकाचं प्रथिन खरंच ते काम करतं हे तपासलं. मग द्राक्षाच्या कुळातल्या वेली चाळल्या, तेव्हा ॲम्पेलोप्सिस ॲकोनिटिफोलिया हाती लागली. तिच्यात हा जीन नाही, टार्टारिक नाही, आणि क जीवनसत्त्व मात्र जास्त.

सेमिनारमध्ये ही स्लाइड आली की सगळे माना डोलावतात. मला इथेच थांबावंसं वाटतं. ॲम्पेलोप्सिस म्हणजे ‘एक जीन काढलेलं द्राक्ष’ नव्हे. ती वेगळ्या प्रजातीची वेल आहे, आणि दोघींत या एका जीनखेरीज इतर कितीतरी फरक आहेत. टार्टारिक नसण्याचा जीनशी संबंध पटतो, कारण एन्झाइमचं काम वेगळं तपासलेलं आहे. पण ‘वाट अडली म्हणून क जीवनसत्त्व साठलं’ हे एका वेलीवरून म्हणणं घाईचं. हे वाक्य पुढे गेलं की ‘जीन बंद करा, पौष्टिक द्राक्ष मिळवा’ असं व्हायला वेळ लागत नाही.

आणि ‘उच्च वनस्पती’? नर्सरीत जिरॅनियम म्हणून मिळणारं पेलार्गोनियम घ्या. तेही क जीवनसत्त्वापासून टार्टारिक बनवतं, पण तोड दुसऱ्या-तिसऱ्या कार्बनमध्ये. पहिल्या दोन कार्बनचं ऑक्झॅलिक ॲसिड होतं, उरलेल्या चारांचं थ्रिऑनिक आणि मग टार्टारिक. म्हणजे साइतो-कासाईंचीच खूण इथे लावली तर ती ऑक्झॅलिकमध्ये जाईल. पदार्थ तोच, कार्बन वेगळे, आणि आयडोनिकचा प्रश्नच नाही. हे काम लोएवस यांच्या गटानं 1970 च्या दशकातच केलं होतं. (2001 मध्ये त्यांच्याच सहभागानं पिस्टिया या पाणवनस्पतीत दिसलं की स्फटिक साठवणाऱ्या पेशी क जीवनसत्त्वाच्या पहिल्या दोन कार्बनपासून ऑक्झॅलिक बनवतात. पिस्टिया अळूच्याच कुळातली. अळू कच्चा राहिला की घसा खाजवतो, तेही कॅल्शियम ऑक्झलेटच्या अशाच स्फटिकांमुळे.)

तेव्हा शीर्षकात ‘द्राक्षकुळात’ एवढंच असतं तर काय बिघडलं असतं? पेपरमधलं काम तसूभरही कमी झालं नसतं.

दुसरी उणीव म्हणजे साखळीतली एकच पायरी पक्की झाली. तिच्या आधीच्या पायरीचं, म्हणजे आयडोनिक बनवणारं एन्झाइम 2019 मध्ये जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्रीत आलं. प्रत्यक्ष तोड घालणारं एन्झाइम 2006 च्या पेपरात नाहीच. वाचताना पहिली आकृती उघडा आणि कुठल्या बाणावर एन्झाइमचं नाव आहे, कुठला बाण नुसताच काढलाय, ते पेन्सिलनं मोजा.