निळ्या फुलांचे पान

पावसाळ्यात विद्यार्थ्यांना कळव्याच्या पारसिक डोंगरावर नेणाऱ्या शिक्षकांच्या पिशवीत बहुधा रानफुलांचे चित्रपुस्तक असते. त्यात पांढरी, पिवळी, निळी अशी रंगवार पाने. ही पुस्तके देखणी असतात, नवख्याला धीर देतात. आमची तक्रार आहे ती 'निळ्या' पानाबद्दल.

केना, नभाळी आणि मर्डानिया ही तिन्ही कमेलिनेसी कुलातली, ठेंगणी, निळी-जांभळी. रंगवार मांडणीत ती शेजारीशेजारी येतात आणि मुले छटा जुळवत बसतात. नभाळीचे फूल तर कधी निळे, कधी गुलाबीकडे झुकणारे. ते कोणत्या पानावर शोधायचे? शिवाय केन्याच्या कोवळ्या पानांची भाजी करतात. 'निळे फूल म्हणजे केना' एवढ्या ज्ञानावर कोणी भाजी खुडावी, हे आम्हांला मान्य नाही.

खरा भेद पुंकेसरांत आहे. त्यासाठी साधे भिंग पुरते. केन्याच्या दोन पाकळ्या मोठ्या, तिसरी लहान आणि फिकी. (दोन ठळक पाकळ्या म्हणजे कमेलिन घराण्यातले दोन नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ, तिसरी म्हणजे काही करून दाखवण्याआधीच वारलेला तिसरा, असे लिनिअसने लिहून ठेवले आहे.) सहांपैकी तीनच पुंकेसर सुपीक असतात आणि फूल घडी घातलेल्या हिरव्या महाछदातून डोकावते. मर्डानियाला असा महाछद नसतो, तिन्ही पाकळ्या जवळपास सारख्या. सुपीक पुंकेसर मात्र येथेही दोन किंवा तीनच. नभाळीचे सहाही पुंकेसर सुपीक, आणि त्यांच्या तंतूंवर दाट केस. हा केस म्हणजे पेशींची एकपदरी माळ. याच कुलातल्या ऱ्हिओच्या अशाच केसांत जीवद्रव्याचे वहन दाखवण्याचा प्रयोग अनेक शिक्षकांच्या परिचयाचा असेल.

थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथात (१९०१–१९०८) ओळख अशा लक्षणांवरून होते. तो ग्रंथ रुक्ष आहे, इंग्रजीत आहे, आणि आजची मर्डानिया त्यात ॲनिलेमा या जुन्या नावाखाली शोधावी लागते. तरीही आमचे झुकते माप त्यालाच. मोबाइलवरची साधने झटकन नाव देतात, पण कोणत्या लक्षणावरून ते सांगत नाहीत.

डोंगरावर सकाळीच जावे; दुपारपर्यंत केन्याची फुले विरघळल्यासारखी मिटतात. एखादे रोप मुळासकट उपटून पाहावे. केन्याला जमिनीखालीही फुले येतात. ती कधीच उमलत नाहीत, आतल्या आत फलन होऊन बी धरतात. रंगवार पुस्तकात ती कोणत्या पानावर छापणार?