इंटरनेटचा वेगमापक : एक परीक्षण

घरच्या इंटरनेटचा ‘वेग’ मोजणाऱ्या चाचण्या आता कोणाला नव्या नाहीत. ‘स्पीडटेस्ट’ २००६ पासून आहे. ‘फास्ट’ आणि दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, ‘मायस्पीड’ ही दोन्ही २०१६ मध्ये आली. बटण दाबले की अर्ध्या मिनिटाच्या आत आकडा हाती येतो. तो पाहून कोणी समाधानाने मान डोलावतो, तर कोणी जास्त पैशांची योजना घ्यायला निघतो. नव्या पुस्तकाचे परीक्षण करतात तसे या साधनांचेही करावे, असे आम्हाला वाटते. नांदुऱ्यासारख्या गावात शाळेने किंवा घराने दरमहा किती रुपये भरायचे, हे पुष्कळदा या एका आकड्यावरून ठरते.

पहिला दोष चित्रातच आहे. स्पीडटेस्टच्या पडद्यावर मोटारीच्या वेगमापकासारखी तबकडी आणि तिच्यावर फिरणारा काटा दिसतो. मोटारीचा काटा वेग दाखवतो, म्हणजे अंतर भागिले काळ. हा काटा मात्र दर सेकंदाला किती बिट आले ते दाखवतो. नळातून मिनिटाला किती लीटर पाणी पडले, या जातीचे हे माप आहे. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर या वेगाने धावतो. तुम्ही ५० मेगाबिटचे पैसे भरा की २०० चे, हा वेग तोच राहतो. दुपदरी रस्ता चौपदरी झाला, तर नांदुऱ्याहून मलकापूरला तासाभरात जास्त गाड्या पोचतील, पण रिकाम्या रस्त्यावरून जाणाऱ्या एकट्या मोटारसायकलीला त्याचा काय उपयोग?

मोटारसायकलीला लागणारा वेळ ही साधने वेगळा मोजतात. त्याला ‘पिंग’ किंवा ‘लेटन्सी’ म्हणतात, आणि ते बिचारे कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते. आमच्या मते वर्गात नेण्याजोगा आकडा हाच. नांदुरा ते मुंबई हे सरळ रेषेतील अंतर ४०० किलोमीटरहून थोडे अधिक आहे. जाऊन-येऊन ८०० धरा. त्याला २ लाखांनी भागले की ०.००४ सेकंद, म्हणजे ४ मिलिसेकंद येतात. केबल सरळ रेषेत जात नाही आणि वाटेतली यंत्रेही थोडा वेळ खातात, म्हणून प्रत्यक्षात आकडा याहून मोठाच यायला हवा. आता पडद्यावर ‘मुंबई’ लिहिलेले असेल आणि पिंग २ मिलिसेकंद असेल, तर काय समजायचे? उत्तर देणारे यंत्र मुंबईत नाही! दहावीच्या विद्यार्थ्याला केवळ भागाकार करून हे पकडता येते.

यातूनच दुसरा प्रश्न निघतो. ही साधने मोजतात ती कोठपर्यंतची वाट? स्पीडटेस्ट आपणहून जवळचे यंत्र निवडते, आणि अशी पुष्कळ यंत्रे इंटरनेट पुरवणाऱ्यांनीच बसवलेली असतात. कापूस व्यापाऱ्याच्याच काट्यावर मोजावा, तसा हा प्रकार. काटा खोटा असेलच असे नाही, पण त्याने मोजलेला असतो तो घरापासून पुरवठादाराच्या दारापर्यंतचा टप्पा. मुलांना ज्या संकेतस्थळावर प्रवेशअर्ज भरायचा आहे, ते त्या दारापलीकडे असते. फास्ट हे नेटफ्लिक्सचे असल्यामुळे नेटफ्लिक्सच्या यंत्रांपर्यंतची वाट मोजते. चित्रपट अडखळेल का, हे त्यावरून कळेल. अर्ज जाईल का, हे कळेलच असे नाही. स्पीडटेस्टमध्ये मात्र यंत्र बदलण्याची सोय आहे. एकदा जवळचे, एकदा मुंबईचे, एकदा परदेशातले निवडावे आणि तिन्ही आकडे शेजारी लिहावेत. ही सोय फार थोडे लोक वापरतात, ही खेदाची गोष्ट आहे.

तिसरा दोष अधिक गंभीर आहे. सुरुवातीचा पिंग रिकाम्या रस्त्यावर मोजलेला असतो. घरात मात्र एकजण लग्नाची चित्रफीत नातेवाइकांना पाठवत असतो, त्याच वेळी दुसरी दूरस्थ तासाला बसलेली असते आणि तिच्या शिक्षकांचा आवाज तुटत असतो. रेल्वे फाटक बंद झाले की ट्रकांच्या रांगेमागे सायकलवालाही अडकतो, तसे राउटरमध्ये होते. मोठ्या फाइलचे तुकडे रांग लावतात आणि आवाजाचा छोटा तुकडा त्यांच्या मागे थांबतो. ही अडचण १०० मेगाबिटच्या जोडणीवरही येते. भार असतानाचा विलंब स्पीडटेस्ट २०२२ पासून दाखवते. त्याबद्दल तिचे कौतुक केले पाहिजे. फास्टही तो दाखवते, पण ‘अधिक माहिती’ मागितल्यावर. रिकाम्या वेळी २० आणि भार असताना ३०० असे आकडे आले, तर जास्त पैसे भरण्याआधी राउटर बदलून पाहावा.

बिट आणि बाइट यांचा घोळ जुनाच आहे. १० मेगाबिटच्या जोडणीवर ४५ मेगाबाइटची फाइल साडेचार सेकंदांत नव्हे, ३६ सेकंदांत उतरते, कारण ८ बिटांचा एक बाइट होतो. आणखी एक तक्रार ऐकू येते : १०० चे पैसे भरले आणि तारेने जोडूनही ९५ च्या वर काटा जात नाही. स्वस्त राउटरांची खाच बहुधा १०० मेगाबिटचीच असते, आणि प्रत्येक तुकड्यावर पत्ता व इतर खुणांचे ओझे असते. १,५३८ बाइटांतले माल म्हणावेत असे १,४६० च. बाजार समितीत पोत्याचे वजन वजा करतात, तसाच हा बारदाना. ते पाच मेगाबिट कोणी चोरलेले नाहीत.

मायस्पीडबद्दल आमचे मत संमिश्र आहे. तिचे निकाल ट्रायकडे जातात, हा मोठा गुण. पण ती फोनवर चालते, म्हणजे घरची जोडणी मोजताना राउटर आणि फोन यांच्यामधल्या भिंतीही मोजल्या जातात. दोष भिंतीचा आणि बोल पुरवठादाराला, असे व्हायचे! उलट, पुरवठादारांच्या जाहिरातीतला ‘१०० मेगाबिटपर्यंत’ हा शब्दप्रयोग आम्हाला मुळीच पटत नाही. ‘पर्यंत’मध्ये एकही बसतो. सरकारी व्याख्येनुसार ब्रॉडबँडची किमान मर्यादा २००४ मध्ये २५६ किलोबिट होती, जानेवारी २०२३ पासून ती २ मेगाबिट आहे. एवढ्या मोठ्या फटीत तक्रार करायची तर एका चाचणीचा आकडा पुरत नाही.

म्हणून वहीत रकाने आखावेत : तारीख, वेळ, तारेने की वायफायने, कोणते यंत्र, उतरता प्रवाह, चढता प्रवाह, रिकामा विलंब, भारातला विलंब. सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास, असे आठवडाभर मोजावे. २१ नोंदी चढत्या क्रमाने लावून अकरावी पाहावी. सरासरीपेक्षा हा मध्यक बरा, कारण एका भलत्या आकड्याने तो हलत नाही. मोबाइलच्या पॅकवर मात्र जपून : १०० मेगाबिटच्या दराने दहा सेकंदांची चाचणी १२५ मेगाबाइट खाते.