रकान्यांत न मावणारा तालुका

नोकरी सोडून दोन वर्षं शिकायचं झालं तर कुणाकडे, हे बघायला मी सध्या धोरण आणि नियोजन शिकवणाऱ्या संस्थांमधल्या प्राध्यापकांच्या याद्या वाचतोय. नाव, पुढे संशोधनाचं क्षेत्र. वाहतूक. सार्वजनिक आरोग्य. पर्यावरण. स्थानिक स्वराज्य. या याद्या आपण माहिती म्हणून वाचतो. पण त्या लेखन म्हणूनही वाचायला हव्यात, कारण कशाला 'प्रश्न' म्हणायचं हे त्यांतूनच ठरतं.

मी भामरागडचा. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा जिथे भेटतात ते गाव. वर्षानुवर्षं पावसाळ्यात पर्लकोटेच्या ठेंगण्या पुलावरून पाणी गेलं की आलापल्लीचा रस्ता बंद. समजा, त्याच दिवशी एखादी बाई अडली. हा प्रश्न कुणाचा? पूल वाहतूकवाल्यांचा, बाळंतपण आरोग्यवाल्यांचं, रस्त्यात येणारी झाडं पर्यावरणवाल्यांची, ग्रामसभेचा ठराव स्थानिक स्वराज्यवाल्यांचा. बाई एकच, पण यादीत तिचे चार तुकडे होतात.

आमच्या धंद्यात मेल्विन कॉनवे यांचं १९६८ सालचं एक निरीक्षण प्रसिद्ध आहे: संस्थेत लोक एकमेकांशी जसे बोलतात, तशीच रचना त्यांनी बनवलेल्या प्रणालीत उतरते. दोन टीम बोलत नसतील तर त्यांचे मोड्यूलही बोलत नाहीत. धोरणाचंही तेच होतं. जे विद्यार्थी रकान्यांत शिकतात, ते पुढे रकान्यांतच योजना आखतात.

गंमत म्हणजे कायदा या बाबतीत पुढे आहे. २००६च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) बघा. रस्ता, शाळा, दवाखाना अशा १३ सोयींसाठी वनजमीन देता येते. अट अशी, की प्रत्येक कामाला एक हेक्टरहून कमी जमीन, हेक्टरी ७५हून जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. चारही रकाने एका कलमात!

मग विशेषज्ञ नकोत का? हवेतच. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१मध्ये दारिद्र्याचं मोजमाप माणशी रोजच्या २,२५० कॅलरींवर आणून ठेवलं. गरिबीवर आकड्यांनिशी भांडायची सोय झाली ती अशा खोल, एकाग्र कामामुळे. म्हणजे अडचण खोलीची नाही, सुरुवात कुठून करायची याची आहे.

याचं उत्तर आमच्याच जिल्ह्यात आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने हॉस्पिटलपासून सुरुवात केली नाही. डॉक्टर नसलेल्या गावात, घरातच, बाळ कसं वाचेल, असा प्रश्न त्यांनी धरला. ३९ गावांत आरोग्यदूत बायका तयार केल्या. नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. मेंढा-लेखात तर गावानेच अभ्यासगट चालवले, आणि २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. जंगल, कायदा, रोजगार हे तिथे वेगळे विषय नव्हतेच.

म्हणून यादी वाचताना मी आता क्षेत्र शेवटी बघतो. आधी शोधतो ते गावाचं किंवा नदीचं नाव. 'वाहतूक' लिहिणाऱ्यापेक्षा 'पूर आल्यावर दवाखान्यापर्यंत कसं पोचायचं' असं लिहिणारा प्राध्यापक सापडला, तर अर्ज तिथेच करणार आहे.